ग्लॅडिस आंटीचा डावा कान

मला जनावरांची आवड नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सकाळी मांजरीच्या पिल्लांचे फोटो टाकणाऱ्या दोन बायकांना मी कायमचं म्यूट केलेलं आहे. असं असूनही तट्टाचा खूर औषधी पाण्यात कसा बुडवायचा, आजारी तट्टाला हरभरे का द्यायचे नाहीत आणि लिदीवर माशा बसू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. हा छळ माझ्या वाट्याला आला तो ग्लॅडिस मिस्किटा नावाच्या बाईमुळे. तिला जाऊन आता बराच काळ झाला, पण तिची आठवण आली की पहिल्यांदा येतो तो वैतागच. माया त्याच्या मागून येते, आणि तीही जरा चिडलेलीच असते.

आमची वाडी दादर संपतं आणि माहीम सुरू होतं त्या सांध्यावर आहे. मूळची ती ग्लॅडिस आंटीच्या आजोबांची. पुढे वाटण्या झाल्या, मागच्या बाजूला आमची तीन मजली इमारत उभी राहिली आणि आंटीकडे उरलं ते फाटकाजवळचं बैठं घर आणि त्याला लागून एक गॅरेज. गाडी तिच्याकडे कधीच नव्हती. गॅरेजात भावाची मोडकी सायकल आणि नाताळात मांडायच्या गोठ्याचं सामान असायचं. मी इमारतीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी प्रेमाने दिलं नाही. सभेला मी उशिरा पोचले आणि तोवर बाकी सगळ्यांचं नकार देऊन झालं होतं, एवढंच.

आंटीने लग्न केलं नव्हतं. फोर्टातल्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती, रिटायर होईपर्यंत. सगळं आयुष्य कानाला यंत्र लावून बसल्यामुळे तिचा उजवा कान कामातून गेला होता. डावा मात्र असा तिखट, की दुसऱ्या मजल्यावर कुणी तिच्याबद्दल कुजबुजलं तर ती खालून उत्तर द्यायची. या दोन कानांवर वाडीचा सगळा कारभार चाले. तुमचं म्हणणं पटण्यासारखं असेल, तर बोलता बोलता तिची मान हळूच वळायची आणि डावा कान तुमच्या समोर यायचा. उजवा कान समोर आला, की समजायचं, अर्ज फेटाळला. मग तुम्ही घसा फोडलात तरी ती कुंडीतलं गवत उपटत बसायची. 

दुसरी सवय बोटाची. तुम्ही मध्येच बोलायला लागलात, की उजव्या हाताची तर्जनी वर जायची आणि शब्द यायचा, "होल्ड!" मग पोस्टमन असो, चर्चचे फादर असोत, की फाटकात चुकून घुसलेला टेम्पो, सगळे थांबायचे. का थांबायचे ते त्यांनाही ठाऊक नसावं. आणि आवाज तर तिच्याकडे दोन होते. एक फोनवरचा, लोण्यासारखा. दुसरा आमच्यासाठीचा.

एकदा ऐन मे महिन्यात वाडीची वीज गेली. तक्रारीचा नंबर सगळ्यांनी फिरवला, सगळ्यांना तेच रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकू आलं आणि सगळ्यांनी शिव्या देऊन फोन ठेवले. आंटीने फोन डाव्या कानाला लावून मानेत धरला आणि ओट्यावर बसून शेंगा सोलायला घेतल्या. शेंगा संपल्या, मग तांदूळ निवडले. गाणं चालूच. मी म्हटलं, "आंटी, सोडा हो, कोणी उचलत नाही." ती म्हणाली, "सुनीता, लाईन आपण सोडायची नसते. पलीकडच्याला कंटाळा आला पाहिजे." शेवटी पलीकडे एक जिवंत माणूस आला. त्याच्याशी ती अशा काही आवाजात बोलली, की मला वाटलं, त्याच्याकडेच वीज नाही आणि आंटी त्याची समजूत घालते आहे. अंधार पडायच्या आत दिवे आले. 

ही बाई कशी होती, ते एवढ्यावरून कळलं असेल. आता हिराकडे येते.

आषाढात तिसऱ्या मजल्यावरच्या एका नातीचा वाढदिवस होता. आवारात मंडप घातला होता आणि मुलांना फेरी मारायला एक तट्टू मागवलं होतं. काळं कुळकुळीत, कपाळावर कापडी गोंडा, नाव हिरा. अन्वर नावाचा त्याचा मालक माहीमच्या खाडीकडून आला होता. दोन-चार मुलांच्या फेऱ्या झाल्या आणि हिरा थांबला तो थांबलाच. पुढचा डावा पाय त्याने असा उचलून धरला, की जणू कुणाच्या हातात द्यायचा आहे. अन्वरने खूर वळवून पाहिला. मंडपाचा खिळा तळव्यात घुसला होता. त्याने तो उपसून काढला, रक्त आलं, मुलं रडायला लागली आणि कुणीतरी घाईघाईने केक कापून टाकला.

ग्लॅडिस आंटी घरातून बाहेर आली. "कुठे लागला?"

"इधरच, मॅडम. मंडपवाल्याचा खिळा हाय."

"म्हणजे आपल्या आवारात," आंटी म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी त्या क्षणी आत निघून जायला हवं होतं.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यातले एक डॉक्टर येऊन गेले. त्यांनी त्या पायाची नाल काढवली, जखम धुतली आणि म्हणाले, दुखणं किरकोळ आहे, पण पावसात खूर ओला राहिला तर चिघळेल. कोरडी जमीन, सुकं गवत, पूर्ण विश्रांती. बाकी काही नको. अन्वर म्हणाला, "साहेब, कोरडी जमीन कुठून आणू? खाडीला तबेला. आता गुडघाभर चिखल हाय." मग त्याने न लपवता सांगितलं, की लंगडं तट्टू पोसणं त्याला झेपणारं नाही. एक वीटभट्टीवाला कधीपासून मागतो आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे लग्नाचा सीझन सुरू होईपर्यंत, पाय बरा झाला तर ठीक. नाही तर हिरा भट्टीवर जाणार, विटा वाहायला.

"होल्ड," आंटी म्हणाली. बोट वर होतं. "आपल्या आवारात लागलं. आपण बरं करणार." आणि तिने गॅरेजचं कुलूप उघडलं. नाताळच्या गोठ्याचं सामान माझ्या घरातल्या माळ्यावर आलं, ते अजून तिथेच आहे.

पुढच्या आठवड्याभरात माझ्याकडे ज्या तक्रारी आल्या, त्या मी कुणाला सांगू? वास येतो. माशा येतात. डेंग्यू होईल. तो सकाळी खिंकाळतो, आमच्या ह्यांची नाईट शिफ्ट असते. मी प्रत्येक तक्रार घेऊन आंटीकडे जायची आणि प्रत्येक वेळी तिचा उजवा कान पाहून परत यायची. गंमत अशी, की तक्रार करणारेच संध्याकाळी गॅरेजसमोर उभे असायचे. हातात गूळ. 

कारण खरा त्रास तक्रारींचा नव्हताच, प्रेमाचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की नुसत्या उभ्या राहणाऱ्या जनावराला गोडधोड आणि दाणे दिले तर ते पायांत उतरतं, दुखरा एक असेल तिथे चारही पाय जातात. आंटीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: याला काहीही खायला देऊ नये. पण आमच्याकडे दारात आलेल्याला रिकाम्या तोंडी कुणी ठेवतं का? हा तर आजारी पाहुणा. चतुर्थीला मोदक आला. एकादशीला राजगिऱ्याचा लाडू आला, घोड्याला उपास असल्यासारखा. आंटीची माहीमची चुलतबहीण डबाभर फुगियास, म्हणजे तळलेले गोल पाव, घेऊन आली आणि ते हिरासाठी आहेत हे कळल्यावर आंटीने तिला फाटकातून परत पाठवलं. कुणाला विचारावं तर एकच उत्तर: "मी फक्त एवढंसंच दिलं हो." तीन मजले आणि प्रत्येकाचं एवढंसं! 

"अरे काय मॅन तुम्ही लोक," आंटी आवारात उभी राहून ओरडायची, "तुम्हाला काय तो बरा नको व्हायला? विटा उचलायला पाठवायचाय त्याला?" सगळे माना हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गूळ.

माझी अडचण अशी, की मला दोन्ही बाजूंचा राग यायचा. लोकांचा यायचा, कारण साधी गोष्ट ऐकत नव्हते. आणि आंटीचा यायचा, कारण ती कुणावर विश्वासच ठेवत नव्हती. गवत तीच आणणार, खूर तीच धुणार, पोटीस तीच बांधणार. गुडघे धरून खाली बसायची आणि उठताना हिराच्याच मानेला धरून उठायची. मी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, "तू सोसायटी सांभाळ." 

हिराशी मात्र ती फोनवरच्या आवाजात बोलायची. सकाळी गॅरेजचं दार उघडताना: "गुड मॉर्निंग, मिस्टर हिरा. हाऊ मे आय हेल्प यू?" आणि तोही असा की मान तिरकी करून ऐकायचा. मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज सकाळी ती त्याला आवारात थोडं चालवून बघू लागली. बघू लागली म्हणजे ऐकू लागली. दोर अन्वर धरायचा किंवा मी. आंटी डोळे मिटून, डावा कान पुढे करून उभी. बोट वर. हिरा चालायचा आणि ती खुरांचे आवाज ऐकायची. आमच्या कानांना नुसती टपटप. ती मान हलवायची. "एक, दोन, तीन बरोबर. चौथा घाबरतो. लाईन क्लिअर नाही." दिवसागणिक तो चौथा आवाज धीट होत गेला. श्रावण लागला तेव्हा ती म्हणाली, "नाऊ फक्त थोडी खरखर आहे." हे तिच्या तोंडून म्हणजे फार झालं. अन्वरसुद्धा खूश होता. मी मनात हिशेब मांडला, की गणपतीच्या आधी गॅरेज रिकामं होणार आणि माझा फोन शांत होणार.

आणि मग नालेचं प्रकरण सुरू झालं.

काळ्या घोड्याची नाल दाराला लावली की शनीची पीडा टळते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्यातही बाजारातली विकत आणलेली चालत नाही. घोड्याच्या पायात झिजलेली हवी, आणि ती आपोआप गळलेली हवी. डॉक्टरांनी हिराच्या डाव्या पायाची नाल काढल्याचं वाडीला आता एकदम आठवलं. श्रावणातले शनिवार आणि फाटकाजवळ काळं तट्टू, म्हणजे लोकांना घरबसल्या तीर्थ लाभलं. माझ्याकडे रांग लागली. कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणाची केस कोर्टात होती. चर्चला जाणाऱ्या दोघांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की आमच्यातही नाल लकी मानतात, पण ग्लॅडिसला सांगू नका.

मी आंटीला विचारलं. तिने नाल बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि डबा कपाटावर ठेवला. "तो त्याचा बूट आहे, सुनीता. परत घालायचाय त्याला. तुम्ही दुसऱ्याचे बूट दारावर लावता?" 

त्या गर्दीत एक बाई नव्हती, पहिल्या मजल्यावरच्या मांजरेकर काकू. काकू मूळच्या मालवणच्या. आंटीच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण. दोघींचं भांडण रोज आणि चहाही रोज. हिराला हात लावायची मुभा आंटीने दिली असेल तर फक्त काकूंना. त्या दुपारी खोबरेल घेऊन यायच्या आणि त्याचे पाय चोळून द्यायच्या. काकूंचा मुलगा वर्षभर नोकरीविना घरी बसून होता. कंपनीने कामावरून कमी केलं होतं. तो दिवसभर खिडकीत बसायचा आणि काकू दिवसभर त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करायच्या. एकदा पाय चोळताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, ते मी ऐकलं होतं. "गो ग्लॅडिस, डाव्याची नाल काय कामाची नाय, ती काढलेली. उजव्याची गळली, तर ती माका दी हां." आंटीने उजवा कान पुढे केला आणि गवत झटकत राहिली.

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी सकाळी आंटीने गॅरेज उघडलं. हिरा उभा होता तो वजन कुठल्या पायावर टाकावं हे न कळल्यासारखा, डावीकडे उजवीकडे झुलत. उजव्या पुढच्या पायाची नाल नव्हती. खुराचा एक टवका तिच्याबरोबर तुटून गेला होता. म्हणजे दुखरा पाय बरा होत आला होता आणि चांगला पाय गेला.

आंटी ओरडली नाही. तिने वर बघितलं. पहिल्या मजल्यावर काकूंच्या दाराच्या चौकटीवर नाल लावलेली होती. वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल. लपवाछपवी काही नव्हतीच, कारण काकूंच्या मते लपवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. नाल आपोआप गळली होती. आदल्या दिवशी तेल लावून उठताना त्यांनी ती गवतातून फक्त उचलली होती.

आंटी जिना चढून वर गेली. मी मागे. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नसे, ती वर्षानुवर्षं आमच्या इमारतीत आली नव्हती. काकू दारात आल्या आणि आंटीचा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"मी ओढूक नाय गो," त्या म्हणाल्या. "शपथ घालून सांगतंय. ओढूक नाय."

"मग कशी निघाली?"

"रोज तेल लावताना... जरा हलवी होतंय. नुसती जराशी. आपली आपण पडाक होयी ना ती."

आपोआप पडायला हवी, म्हणून रोज थोडी थोडी हलवायची! मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. काकूंना खरंच वाटत होतं, की यात आपण काही केलेलं नाही. आत खिडकीत त्यांचा मुलगा बसला होता, त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

"फ्लॉरीचा पाय असता तर हलवला असतास?" आंटी म्हणाली. फ्लॉरी म्हणजे तिची वारलेली बहीण. काकूंची ती वर्गातली मैत्रीण होती. 

काकू रडायला लागल्या. "मी मागलेलंय तुझ्याकडे. तू कान फिरवलंस."

काकूंनी नाल काढून तिच्या हातात द्यायला घेतली. आंटीने हात मागे घेतला. "खूर फुटलाय. आता कुठे ठोकायची ती? दारावरच राहू दे. निदान रोज बघशील."

डॉक्टर पुन्हा आले. खुराचा तुटलेला भाग वाढून खिळे धरण्याजोगा व्हायला वेळ लागणार, त्याला औषध नाही, म्हणाले. अन्वर आला, हिराचा पाय बघून तसाच जमिनीवर बसून राहिला. "मॅडम, किती दिवस? मी वीटभट्टीवाल्याला काय सांगू?" आंटी म्हणाली, "सांग, लाईन एंगेज आहे." अन्वरला ते कळलं नाही, पण तो गेला.

याच आठवड्यात काकूंच्या मुलाला नोकरी लागली.

मी सांगते, देव जर कुठे असेल तर त्याला विनोदाची वाईट खोड आहे. नोकरी आधीच्या मुलाखतीची होती, पत्र यायचंच बाकी होतं, हे काकूंच्या मुलाने स्वतः सगळ्यांना सांगितलं. ऐकतो कोण! वाडीभर पेढे वाटले गेले आणि सगळ्यांच्या नजरा हिराच्या मागच्या दोन पायांकडे वळल्या. आंटीने त्याच दिवशी नालबंदाला बोलावलं आणि उरलेल्या दोन्ही नाला काढून अन्वरच्या हवाली केल्या. बिस्किटांच्या डब्यातलीही. मग गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणाली, "घ्या आता. काय घेणार? शेपूट?"

पुढचे दिवस मला नीट आठवतही नाहीत, इतके ते एकसारखे गेले. गणपती आले नि गेले. मिरवणुकीच्या ढोलांनी हिरा बिथरू नये म्हणून आंटी त्याच्या गळ्यात हात टाकून गॅरेजात बसून राहिली. दसऱ्याला लोक हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन आले, घोड्याची पूजा करायची म्हणून. आंटीने माळ घालू दिली, नैवेद्य परत पाठवला. काकूंशी ती बोलत नव्हती. काकू मात्र रोज पहाटे येऊन न बोलता लीद भरून न्यायच्या. आंटी त्यांच्याकडे उजवा कान करून बसायची, पण गॅरेजचं दार आधीच उघडून ठेवलेलं असायचं. मी दोघींच्या मध्ये निरोप्या. "तिला सांग, पाणी बदललं." "तिला सांग, दिसतंय मला." आणि दोघी हातभर अंतरावर! माझं डोकं पिकायचं. 

आंटी त्या दिवसांत थकली. गुडघ्याला पट्टा आला. मी एकदा चिडून म्हटलंच, "आंटी, किरकोळ दुखणं होतं हो हे! एका खिळ्यापायी किती करायचं?" ती म्हणाली, "किरकोळ होतं म्हणून तर राग येतो. मोठं असतं तर मी देवावर सोडलं असतं." 

दिवाळी उलटली आणि खूर भरला. नालबंदाने चारही पायांना नव्या नाला ठोकल्या. डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून, चालवून पाहिलं आणि पसंती दिली. अन्वर हसला. फक्त आंटीचं समाधान होईना. आवारात पेव्हर ब्लॉक आहेत, त्यांच्यावर नव्या नालेचा आवाज फुटतो, असं तिचं म्हणणं. "मला त्याला बाहेरच्या रोडवर ऐकायचंय. सिमेंटवर. तेव्हा कळेल."

तो बरा झाला होता, हे मी इथेच सांगते. त्या सीझनला हिरा लग्नांना गेला, वाढदिवसांना गेला, वीटभट्टीवाला रिकाम्या हाताने परतला. पुढच्या पावसाळ्यात आंटी वसईला भाचीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. मातीला मी आणि काकू गेलो होतो. पण तो चेहरा मला आठवत नाही. मला ती दिसते ती हिरा निघाला त्या सकाळची.

आदल्या दिवशी मी ग्रुपवर मेसेज टाकला: उद्या सकाळी हिरा निघेपर्यंत कृपया मिक्सर, टीव्ही आणि मोठ्याने बोलणं बंद ठेवावं. मला वाटलं होतं, लोक हसतील. पण त्या सकाळी आमची वाडी अशी गप्प झाली, की झाडावरच्या कावळ्यालाही ओरडायची लाज वाटावी. सगळे गॅलरीत उभे. कुणाच्या हातात गूळ नव्हता. काकूंनी गॅसवरचा कुकर उतरवला आणि जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या.

आंटीने हिराच्या कपाळावर हात ठेवला. "थँक यू फॉर कॉलिंग, मिस्टर हिरा." मग फाटकाशी जाऊन तिने रस्त्याकडे डावा कान केला, डोळे मिटले आणि बोट वर केलं. अन्वर दोर धरून निघाला. आवारातून फाटक, फाटकातून रस्ता. सिमेंटवर पहिली टाप पडली. दुसरी. आंटीचे ओठ हलत होते. तिसरी—

आणि मागून आलेल्या टॅक्सीने हॉर्न दिला. साधासुधा नाही, लांबच लांब, घोडा मध्ये आला म्हणून चिडलेल्या माणसाचा. त्याच्या मागे दुसरी गाडी, तिचा हॉर्न.

"होल्ड! अरे होल्ड, मूर्खा!" आंटी दोन्ही हात वर करून ओरडली. टॅक्सीवाला थांबला नाही. तिच्या 'होल्ड'ला न थांबलेला तो पहिलाच असेल. हिरा वळणापलीकडे गेला होता.

आंटी आमच्याकडे वळली. "तुम्ही बघितलंत ना? कसा चालला?"

"छान चालला," मी म्हटलं. गॅलरीतले सगळे म्हणाले, छान, एकदम मस्त. तिने आमच्याकडे उजवा कान केला.

मग ती गॅरेजच्या रिकाम्या पायरीवर बसली आणि मोबाईलवर अन्वरला फोन लावला. काकू जवळ जाऊन उभ्या राहिल्या. आंटीने त्यांना हाकललं नाही, पायरीवर थोडी सरकली. काकू बसल्या.

"अन्वर, फोन खाली धर," आंटी म्हणाली, तोच लोण्यासारखा आवाज. "खाली. त्याच्या पायाशी. हां. आता चालव त्याला."

बोट वर गेलं. पलीकडून मला नुसती रस्त्याची घरघर ऐकू येत होती. आंटी फोन डाव्या कानात दाबून, डोळे मिटून ऐकत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही कळत नव्हतं.

"क्लिअर नाही," ती म्हणाली. "पुन्हा चालव."